टोचणाऱ्या तोंडांचा महिना

भाद्रपद लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना या महिन्यात गणपती आठवतात, गौरी आठवतात, हिरवीगार तूर आठवते. मला माश्या आठवतात. सोलापुरात पाऊस येतो न येतो असाच येतो, पण जेवढा येतो तेवढा डबक्यांत साचायला पुरतो. मग कंबर तलावाच्या कडेनं जलपर्णी फुगते, मार्केट यार्डाबाहेर कांद्याचा चिखल कुजतो, रस्त्यात बसलेली जनावरं सारख्या शेपट्या उडवत राहतात आणि आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मुखांगांचं प्रात्यक्षिक येतं. वेळापत्रक लावणाऱ्यांना माश्यांशी काही देणंघेणं नसतं, तरी हे सगळं दरवर्षी बरोबर एकदम येतं.

मुखांगं म्हणजे तोंडाचे अवयव. रक्त पिणाऱ्या माश्यांची तोंडं पोटॅशमध्ये उकळून पारदर्शक करायची, काचपट्ट्यांवर शेजारीशेजारी ठेवायची, त्यांतला फरक सूक्ष्मदर्शकातून बघायचा आणि आकृती काढून नावं द्यायची. याच विषयात मी पीएच.डी. केली आणि याच विषयावर आज तासिका तत्त्वावर पोट भरते. डास हाही माश्यांच्याच कुळातला, हे सांगितलं की पोरं दरवर्षी नव्यानं हसतात. मी त्यांच्या हसण्याची वाट बघते आणि पुढं जाते.

डासाची मादी सगळ्यात सुबक काम करते. तिच्या तोंडात एक नाही, सहा सुया असतात, केसाहून बारीक, आणि त्या सगळ्या एका लवचीक खोळीत बसवलेल्या. टोचताना खोळ मागं दुमडते, सुया आत जातात, कातडीखाली वळत वळत शीर शोधतात. एका नळीतून लाळ सोडायची, दुसरीतून रक्त ओढायचं. गोमाशीला एवढा धीर नसतो. तिच्याकडं पाती असतात. ती कातडी कात्रीनं कापावी तशी कापते, जखमेत रक्ताचं डबकं होऊ देते आणि मग मऊ ओठांनी ते टिपून घेते. चिलटाचं तोंड अगदी आखूड, पण त्याच्या पात्यांना करवतीचे दाते. आणि गोठ्यातली ती करडी माशी, दिसायला घरातल्या माशीसारखी म्हणून जिला कुणी मनावर घेत नाही, तिच्याकडं पातीबिती काही नाहीत. तिचा खालचा ओठच कडक होऊन पुढं आलेला असतो, टोकाला दात असतात, आणि तो ओठच ती खुपसते. बाकीच्यांत रक्त फक्त माद्या पितात, नर फुलांच्या रसावर जगतात. करड्या माशीत नरमादी दोघंही पितात.

मला ही तोंडं आवडतात. हे सांगायला संकोच वाटत नाही. काचेवर पिवळसर उजेडात गोमाशीचं पातं दिसलं की अजूनही मी श्वास धरते. राग मला माश्यांचा कधी आलाच नाही.

परवा प्रात्यक्षिकात पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, यातली सगळ्यात डेंजर कुठली?"

"जिला पोटभर पिऊ देत नाहीत ती," मी म्हटलं.

तिला कळलं नाही, म्हणून समजावलं. गोमाशी चावते तेव्हा दुखतं. जनावर शेपूट मारतं, पाय आपटतं, कातडी थरथरवतं. मग माशी अर्धं जेवण टाकून उठते आणि तोंड ओलं असतानाच शेजारच्या जनावरावर बसते. डासाच्या पोटात काही रोग आठवडाभर वाढतात, मग पुढं जातात. या माश्यांना तेवढीही गरज नाही. रोग त्यांच्या ओठावर बसून एका जनावरावरून दुसऱ्यावर जातो. लम्पी असाच पसरतो. मुलीनं मान डोलावली, आकृतीखाली काहीतरी लिहून घेतलं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण लम्पी हा शब्द तोंडातून गेला की मला वर्गाकडं बघून बोलता येत नाही.

लम्पी आला तो भाद्रपद. तेव्हा माझं संशोधन सुरू होतं आणि माश्या गोळा करायला मी गावी आले होते. आमचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, काळ्या रानातलं. वेशीच्या बाहेर आमची वस्ती, तिथं विहार, विहारावर निळा झेंडा, आणि झेंड्याच्या सावलीत आईचा गोठा. गोठा म्हणजे चार मेढी आणि वर पत्रा. त्याखाली तांबी. वडील गेल्यावर आईनं घर चालवलं ते मजुरीवर आणि तांबीच्या दुधावर. मी शिकले तीही तिच्याच दुधावर. माझ्या प्रबंधातल्या बऱ्याचशा माश्या तिच्याच पायांवरून पकडलेल्या आहेत. मी जाळी घेऊन तिच्या मागं बसायची आणि ती मान वळवून माझ्याकडं बघायची. त्या वर्षी ती गाभण होती.

गावात संध्याकाळ झाली की प्रत्येक दारात कडुलिंबाचा पाला धुमसायचा. धुरानं डोळे चुरचुरायचे. हळद आणि लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं जनावरं पुसायची. तरी रोज कुणाच्या तरी गोठ्यातून बातमी यायची. आधी ताप, मग चारा सोडणं, मग मानेवर, पाठीवर, कासेवर गाठी. सुजलेल्या पायांनी जनावर उभंच राहायचं, बसायला घाबरायचं. वाऱ्याबरोबर एक गोडसर घाण वास यायचा, तो मला आजही ओळखता येतो. आई रात्री उठून तांबीच्या मानेवरून हात फिरवायची. गाठ लागत नाही ना, तेवढंच बघायची.

मग लस आली. गावानं पदरमोड करून एक खाजगी टोचणारा बोलावला. बर्फाचा डबा घेऊन मोटारसायकलवर आलेल्या त्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणत होते. चावडीसमोरच्या मैदानात सकाळपासून जनावरं जमली. आई तांबीला धुऊन, शिंगांना तेल लावून घेऊन गेली. मी मागनं गेले आणि मैदानाच्या तोंडाशीच थबकले.

रांग बेंदराची होती. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, जनावरं वेशीतून ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं सगळे उभे होते. पुढं गावाचा कारभार बघणाऱ्या आबांचा मानाचा बैल, मग आबांच्या भावकीची जनावरं, मग बाकीच्या आळ्यांची, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांपासून थोडं अंतर ठेवून, आमच्या वस्तीची. ही रांग कुणी लावली नव्हती. कुणी कुणाला मागं व्हा म्हटलं नव्हतं. आई गेली आणि आपसूक शेवटी जाऊन उभी राहिली. वर शेजारणीशी हसून बोलतही होती.

मी पुढं जाऊन बघितलं. मानाच्या बैलावर झूल घातली होती. टोचायला जनावर आणलेलं, त्यावर झूल कशाला? टोचणाऱ्यानं मानेपाशी झूल जरा सरकवली, तेव्हा दिसल्या. लिंबाएवढ्या गाठी, एकीला लागून एक. बैलाच्या नाकातून पाणी गळत होतं.

"आबा, ह्याला झालंय," मी म्हटलं. "आजारी जनावर टोचायचं नसतं. ह्याला घरी न्या."

आबा माझ्याकडं बघून हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त लागलं. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "पोरी, मानाचं जनावर सोडून दुसऱ्याला सुई लावायची कशी? गावाचं काय ऱ्हाईल मग?"

आणि टोचणाऱ्यानं सुई लावली. आधी मानाच्या बैलाला. मग तीच सुई बाहेर काढली, सिरिंज भरली आणि तीच सुई पुढच्या गाईला. मग त्याच्या पुढच्या जनावराला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माश्यांच्या तोंडांत माझी वर्षं गेली होती. गोमाशीच्या ओठावर किती रक्त मावतं, ते वाळायला किती वेळ लागतो, हे मी घासून घासून वाचलं होतं. माशीच्या ओठावर थेंबाचा एक कण राहतो. तो उन्हात, वाऱ्यात सुकतो. माशीला शेपटीचा फटका बसतो, वाटेत पक्षी खातो, ती चुकते, दमते. सुईला यातलं काही नाही. सुई आतून पोकळ, आतलं ओलं सुकत नाही, आणि तिला हातात धरून एक माणूस एकही जनावर न चुकवता पुढं नेतो. आणि कुठं नेतो? मानाच्या बैलापासून आमच्या तांबीपर्यंत, वाटेतल्या प्रत्येकाचं थोडं थोडं घेत.

"डॉक्टर, सुई बदला."

"औषद एकच हाय की मॅडम. सगळ्याला तेच."

"औषध एक असेल. रक्त एक नाही. दर जनावराला नवी सुई लागते."

"मला दिल्यात तेवढ्याच सुया हायत," तो म्हणाला. "मी काय घरातनं आणू?" तो खोटं बोलत नव्हता. थकलेला होता, घामानं निथळत होता. त्याचा राग धरावा तर तेवढंही समाधान नाही.

मी स्टँडवरच्या मेडिकलमध्ये गेले. रांगेत उरलेल्या प्रत्येक जनावराला पुरतील एवढ्या सुया घेतल्या. परत येऊन टोचणाऱ्याच्या हातात पुडकं दिलं. तो खूश झाला. पाकिटं फोडून एकेक सुई लावू लागला, वापरलेली बाजूला टाकू लागला. मला वाटलं, झालं. मला खरोखर वाटलं की झालं.

तेवढ्यात आबांच्या मळ्यातली जनावरं आली. गडी हाकत घेऊन आला. ती कुठं उभी राहणार हे कुणाला विचारावं लागलं नाही. भावकीच्या पुढं जागा झाली, जनावरं तिथं शिरली. नव्या सुया त्यांना लागू लागल्या.

"ह्या सुया मागच्यांसाठी आणल्यात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मी मोजून आणल्यात आबा. मळ्यातली शेवटी घ्या."

"गावासाठीच आणल्यास न्हवं?" आबा म्हणाले. "मग गाव घेतंय की."

गाव. हा शब्द मी त्यापूर्वी हजारदा ऐकला असेल. त्या दिवशी मैदानात उभी राहून मी बघितलं की गाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं. गाव आमच्या अलीकडं संपतं. आमच्या वस्तीपाशी रांग आली तेव्हा पुडकं रिकामं झालं होतं. टोचणाऱ्यानं हातातली शेवटची सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि म्हणाला, "पुसून घेतो की मॅडम. त्याला काय हुतंय?"

वस्तीतल्या बाकीच्यांनी टोचून घेतलं. त्यांना मी काय सांगणार? माझ्याकडं दुसरी सुई नव्हती. मी आईच्या हातातून दोरी घेतली आणि तांबीला वळवून घरी आणलं.

गोठ्यात तांबीला बांधल्यावर आई म्हणाली, "सगळ्यांम्होरं तमाशा केलास. आता ही न टोचताच ऱ्हायली. हिला काय झालं तर?"

"तालुक्याहून नवी सुई आणि लस आणते. दोन दिवसांत आणते."

"तुजं पुस्तक दोन दिस थांबतंय. रोग थांबतोय व्हय?"

तिचं खरं होतं आणि माझंही खरं होतं. तालुक्याला लस संपली होती. पुन्हा येईल म्हणाले, कधी ते सांगता येत नाही म्हणाले. मी रोज जात होते, रोज तेच ऐकत होते. लस आली तेव्हा तांबीला ताप भरला होता.

ती आधी गाभडली. मग तिच्या पायांना सूज आली. आई तिच्या अंगावरच्या माश्या हातानं उडवत दिवसदिवस बसून राहायची आणि मी, माश्यांची विद्वान, कडुलिंबाचा पाला जाळायची. तांबी गेली त्या सकाळी आई रडली नाही. गोठ्यात बसून तिनं मला एवढंच विचारलं, "तुजी ती माशी. ती बी मानानं चावती का गं?"

"नाही," मी म्हटलं. "जे जवळ असेल त्याला."

"मग बरी म्हणायची," आई म्हणाली आणि उठून पदर खोचून शेण भरायला लागली.

गावात म्हणाले, पोरीच्या शिक्षणानं गाय खाल्ली. टोचू दिलं असतं तर वाचली असती. वस्तीतल्या ज्या जनावरांना ती पुसलेली सुई लागली होती त्यांनाही गाठी आल्या, दोन गेली. त्यावर म्हणाले, ह्यांच्या जनावरांना लसच लागू पडत नाही. तांबीला कुठल्या माशीनं दिलं, त्या जनावरांना सुईनं दिलं की माशीनं, हे मला सिद्ध करता येत नाही. कुठलंही तोंड काचेखाली धरलं तरी ते कुणाचं रक्त घेऊन कुणाकडं गेलं हे दिसत नाही. माझ्या विषयावर मला एवढा राग कधीच आला नव्हता.

पुढं कधीतरी स्टाफरूममध्ये हे मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला सांगितलं. चांगला माणूस. माझ्या नेमणुकीसाठी खटपट करणारा. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "अहो, आता कुठं राहिलंय तसं? योगायोग असेल. तुम्हाला कुणी म्हणालं का, मागं उभं राहा म्हणून?"

नाही. कुणीच म्हणालं नव्हतं. तास आहे म्हणून मी उठून गेले. वर्गात जाऊन डासाच्या सहा सुया फळ्यावर इतक्या जोरात काढल्या की खडू मोडला. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे. कुणी म्हणालं असतं तर निदान त्याच्याकडं बोट दाखवता आलं असतं. जे कधी बोललंच जात नाही त्याच्याविरुद्ध तक्रार कुठं आणि कशी करायची? माझा सगळा राग तिथं जाऊन अडतो, आणि दर भाद्रपदात पुन्हा उसळतो.

या वर्षी पुन्हा लस आली. तांबीची थोरली कालवड, त्या वेळी मामाकडं असल्यानं वाचलेली, आता व्यायला आली आहे. आईचा गोठा तिच्यावर उभा आहे. पोरांना आकृत्या देऊन मी त्या दिवसाच्या तासांवर पाणी सोडलं, पिशवीत सुयांची पुडकी भरली आणि पहाटेची एसटी धरली. या वेळी पुडकं कुणाच्या हातात द्यायचं नाही, असं मी वाटभर स्वतःला बजावत होते. भांडणाची सगळी वाक्यं जुळवली होती. सोलापूर ते मंगळवेढा मी मनातल्या मनात आबांशी भांडत होते.

मैदानात पोचले तेव्हा नीट उजाडलं होतं. जनावरं जमत होती. टोचणारा डबा उघडून बसला होता; या वेळी दुसराच होता. सुया पुरतील ना, असं मी विचारलं. म्हणाला, बघू, पुरतील तेवढ्या पुरतील. मी शेवटाकडं बघितलं. वस्तीतली दोनचार माणसं तिथं उभी होती. त्यांच्यात आई नव्हती.

आई पुढं होती. टोचणाऱ्याच्या टेबलाशेजारच्या खुंट्याला कालवड बांधून ती उभी होती. अंधारातच येऊन थांबली असावी, कारण कालवडीच्या पुढ्यातली वैरण निम्मी संपली होती. आबा बैल घेऊन आले. या बैलावर झूल नव्हती. आईला बघून ते थांबले.

"काय गं सुमन, हितं कुटं?"

"टोचायला, आबा."

"ते दिसतंय की. जनावर मागं घे."

"का?" आई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. दूध घालताना भाव विचारावा तसं तिनं विचारलं होतं. आबांनी इकडंतिकडं बघितलं. भावकीतले दोघंतिघं जवळ आले होते, त्यांतला एक बैलाच्या कासऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

"का म्हंजे?" आबा म्हणाले.

"व्हय, का? तेच इचारते. कशापायी मागं घिऊ? सांगा की, डाक्टर बी ऐकत्याल, समदं ऐकत्याल."

मी माझी जुळवलेली वाक्यं घेऊन तिथंच उभी होते. आबांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे तिथं उभ्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येक जण वाट बघत होता की ते म्हणतात का. कालवडीच्या पोटावर एक करडी माशी बसली. कालवडीनं पाय आपटला, माशी उठली. आबांनी तोंड मिटलं.

मी पिशवीतून एक पाकीट काढून टोचणाऱ्यापुढं धरलं. त्यानं ते फोडलं, सुई लावली, कालवडीच्या मानेची कातडी चिमटीत धरली. आईनं शिंग धरून ठेवलं. आबा बैलाचा कासरा हातात घेऊन आमच्या मागं उभे होते.